आण्णांचा हात

आण्णा, तुमच्या दशक्रियेला घाटावर भाषणं झाली. तुम्हाला ती कधी आवडली नाहीत. दुसऱ्याच्या दशक्रियेवरून परत आलात की चपला काढता काढता म्हणायचात, "मेलेला सुटतो, अन् जित्यांना उन्हात बसवून बोलत्यात." तुमच्या वेळीही ऊन होतंच. आम्ही बाया एका बाजूला बसलो होतो. कावळा लगेच शिवला. लोकांनी हात जोडले. आण्णांचं मागं काही राहिलं नव्हतं, समाधानानं गेले, असं सगळे म्हणाले.

मग दत्तूशेठ उठला. शर्यतीत गाड्याची बैलं पळवणारा, मोठ्यानं बोलणारा माणूस. म्हणाला, "आण्णांनी जन्मभर रेडियमची कामं केली. आपल्या गाड्यांवर नावं टाकली, देव टाकले. पन माझ्या बादलचं चित्र त्यांनी शेवटी शेवटी काढलं, तसं बैलाचं चित्र ह्या भागात दुसरं न्हाई. वय झालं की हात थकतो म्हनत्यात. आण्णांचा हात थकलाच न्हाई." माना डोलल्या. ह्यांनी, तुमच्या मुलानं, उपरण्यानं डोळे पुसले.

मी पदर तोंडाला लावून बसले होते. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं मी रडते आहे, आणि रडत होतेच. पण आण्णा, बादलचं ते चित्र मी काढलं होतं. घाटावरच्या एवढ्या माणसांत हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, आणि तुमच्यासाठीच तर सगळे जमले होते.

कुणाशी बोलावं ते कळत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते. तुम्ही होता तेव्हाही मी तोंडानं फार बोलले नाही. सासऱ्यासमोर कसं बोलायचं, तेही मला मुळातच बोलायची भीती. आमच्या डिंभ्याच्या वरच्या वाडीत शाळा चौथीपर्यंत होती. चौथी झाली आणि भातलावणीला लागले. तिथून तुमच्या घरी आले, तर पुढच्या खोलीत दुकान. सारखी पुरुषमाणसं यायची. मी पडद्याच्या आत बसून रेडियम सोलायचे. कटरमधून रंगीत कागद कापून बाहेर आला की अक्षराच्या पोटातला, कडेचा नको असलेला भाग टाचणीनं उचलून काढायचा. अक्षर तेवढं राहतं. ते काम मला आवडलं. मान खाली घालून करायचं असतं, आणि कुणी काही विचारत नाही.

एकदा एका टेम्पोवाल्याच्या देवीची नथ सोलताना माझ्याकडून कागद फाटला. मी घाबरून तुमच्यापुढं धरला. तुम्ही बघितलं आणि म्हणालात, "तुझी चूक न्हाई. माझ्या रेघंत खुंट्या लई झाल्या."

मला तेव्हा काही कळलं नाही. मग तुम्ही मला पहिल्यांदा मशीनसमोर बोलावलं.

ते मशीन तेव्हाच म्हातारं होतं. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेला कॉम्प्युटर, तुम्ही एसटीच्या टपावरून आणलेला. जुना कटर त्याच्याशीच बोलायचा. नव्या कॉम्प्युटरला त्याची वायरच बसायची नाही, म्हणून एकाला टाकून दुसरा घेता येत नव्हता. त्याच्या बाजूचा पत्रा तुम्ही काढून ठेवला होता आणि उघड्या पोटाकडं टेबलफॅन लावला होता. पावणे आले की म्हणायचे, "आण्णा, मान्साला वारं न्हाई अन् डबड्याला पंखा?" तुम्ही म्हणायचात, "मान्साला घाम तरी येतो. ह्याला तो बी येत न्हाई."

सकाळी बटण दाबायचं, मग दुकान झाडायचं, देवाला दिवा लावायचा, चहा घ्यायचा. तोवर ते जागं व्हायचं. त्याच्यावर तुम्ही काही म्हणून ठेवलं नव्हतं. गाणी नाहीत, खेळ नाहीत, स्क्रीनवर मागं चित्रसुद्धा नाही, नुसता काळा रंग. अक्षरांचे नको ते प्रकार काढून टाकलेले. चित्र काढतानाही रंग भरलेलं चित्र उघडं ठेवायचं नाही. रंग झाकून नुसता सांगाडा बघत काम करायचं, कारण रंग दाखवायला गेलं की मशीन धापा टाकायचं. गिऱ्हाइकाला दाखवायच्या वेळीच तेवढा रंग उघडायचा. तुम्ही म्हणायचात, "फोटो म्हंजे टोमॅटोनं भरलेलं क्रेट. रेघ म्हंजे सुतळी. म्हाताऱ्यानं सुतळी उचलावी." गिऱ्हाइकाचा फोटो आत घ्यायचा तोही आधी बारका आणि फिका करून. त्याच्यावरून रेघ ओढून झाली की फोटो टाकून द्यायचा.

रेघ कुठं वळते ते सांगायला तिच्यावर बारीक चौकोन असतात. त्यांना तुम्ही खुंट्या म्हणायचात. खुंटी धरून ओढली की रेघ वळते. खुंट्या जास्त झाल्या की मशीन अडखळतं, आणि कटरचं पातंही प्रत्येक खुंटीला थांबतं, कागद फाडतं. ती देवीची नथ अशीच फाटली होती. तुम्ही एकेक खुंटी काढत गेलात. मला वाटलं, आता नथ मोडणार. ती मोडली नाही. उलट आधीपेक्षा गोल झाली.

ह्यांच्या एका मित्रानं मागं एकदा सांगितलं होतं, ह्यात एक बटण असतं, फोटोवर दाबलं की रेघा आपोआप येतात. तुम्ही म्हणालात, दाब. त्यानं एका बैलाच्या फोटोवर दाबलं. बैलाच्या अंगावर एवढ्या खुंट्या आल्या की बैल मुंग्यांनी भरल्यासारखा दिसायला लागला, आणि मशीन जे अडकलं ते अडकलंच. तो मित्र माउसवर टकटक करत राहिला. तुम्ही त्याचा हात बाजूला केलात. "त्याला हाका मारू नगं. जेवढ्या हाका मारशील, जागं झाल्यावर तेवढ्या सगळ्या हाकांना ओ देत बसंल." मग सगळ्यांना घेऊन तुम्ही ओसरीवर जाऊन बसलात. दुखणेकऱ्याला निजू द्यावं, तसं.

तुमचा हात कापायला कधी लागला ते मला आठवत नाही. मला रेडियममध्ये आधी कळलं. अक्षरांच्या कडा जरा जरा हलायला लागल्या. मी तशाच सोलत राहिले. एका दुपारी तुम्ही खुर्चीतून उठलात आणि म्हणालात, "सूनबाई, बस."

मी खुर्चीच्या कडेवर बसले. तुम्ही मागं उभे. सासरा उभा आणि सून खुर्चीत, कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं! इंग्रजी मला येत नव्हतं. तुम्ही लाल आणि पिवळ्या रेडियमचे टिकले कापून मशीनच्या कळांवर चिकटवलेत. हे दोन लाल एकदम दाबले की काम साठवलं जातं. हे दोन पिवळे दाबले की चुकलेलं मागं येतं. "रेघ काढली की लाल दाब. लाईट आपल्याला इचारून जात न्हाई." स्क्रीनच्या वरच्या याद्यांतलं मी जागेनं ओळखायला शिकले, जशी फडताळातली डाळ अंधारातही सापडते.

घरात शिरताना सासऱ्यानं खाकरायचं, म्हणजे सुनेनं पदर सावरावा, ही आपल्याकडची जुनी रीत. आपण ती उलटी वापरली. मी मशीनवर असायचे, तुम्ही दारात. कुणी येताना दिसलं की तुम्ही खाकरायचात. मी उठून पडद्याआड. तुम्ही खुर्चीत, हात माउसवर. येणाऱ्याला वाटायचं, आण्णा कामात आहेत. एकदा तुम्हाला खरंच सर्दी झाली होती आणि मी दिवसभर नुसती उठत-बसत होते. शेवटी तुम्हीच हसायला लागलात. मीही हसले. तुमच्यासमोर मोठ्यानं हसले ते तेव्हाच.

भांडण आपलं एकाच गोष्टीवरून राहिलं.

बादलचं चित्र न्यायला दत्तूशेठ आला तेव्हा मी आत होते. त्यानं ते जवळून बघितलं, लांबून बघितलं. मग म्हणाला, "आण्णा, काय हात हाय राव तुमचा!" तुम्ही म्हणालात, "हात..." आणि पुढं काय बोलणार ते मला कळलं. मी चुलीजवळचं पातेलं पाडलं. तुम्ही थांबलात.

तो गेल्यावर तुम्ही पडद्याच्या बाहेरून बोललात. "किती दिवस भांडी आपटनार हाईस?"

मी म्हणाले, "लोक म्हनतील, आण्णांचा हात गेला."

"गेलाच हाय की."

"आत्ता नगा सांगू, आण्णा."

"मग कवा? मी गेल्यावर? तवा तुझं कोन ऐकंल?"

मी पातेलं उचलून जागेवर ठेवलं. तुम्ही पुन्हा पुन्हा तो विषय काढायचात, जेवताना, रेडियम गुंडाळताना, आणि मी दर वेळी काही तरी कामाला उठायचे. तुम्हाला वाटायचं मी लाजते. लाजत होतेच. पण रस्त्यानं जाताना लोक गाडी थांबवून तुम्हाला हात जोडायचे, "आण्णा, बैल लई जोरात झालाय," म्हणायचे, तेव्हा तुमच्या कापऱ्या हातानं तुम्ही टोपी सरळ करायचात. ते मी बघितलं होतं. ते मला तुमच्याकडून काढून घ्यायचं नव्हतं. हे मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही रागावला असता, म्हणून तेही सांगितलं नाही.

तुम्ही गेल्यावर मशीनवर मी एक जुनं लुगडं टाकून ठेवलं. तेराव्यानंतर हे म्हणाले, खोली मोबाईल दुरुस्तीवाल्याला देऊ. तो मागतोय. ह्यांचं चुकत नव्हतं. तुम्ही नाही, तर दुकान कुणासाठी उघडं ठेवायचं? ह्यांना ठाऊकच नव्हतं. मी भाकऱ्या थापत होते, थापत राहिले. माझा हात कसा चालतो ते सांगायला जावं, तर आधी तुमचा हात गेला होता हे सांगावं लागणार. घाटावर सगळ्या गावानं ज्याला हात जोडले, त्या माणसाचं नाव त्या चित्रावरून पुसायचं, आणि त्याच्या जागी कुणाचं लिहायचं? पडद्याआड बसणाऱ्या सुनेचं?

चार दिवसांमागं दत्तूशेठ आला. हे नुकतेच नारायणगावला माल टाकून आले होते. मी चहा घेऊन पडद्यापाशी उभी.

"आण्णांकडं सोन्या राहिला की राव माझा," दत्तूशेठ म्हणाला. सोन्या हा त्याचा नवा खोंड. "जत्रंच्या आधी गाडीवर बादलच्या शेजारी लावायचा व्हता."

"शेठ, आता ते बंद. आण्णा गेले, तो इषय संपला. बाजारात छापून घ्या, फोटोसारखा फोटो देत्यात."

"फोटो काय, माझ्या मोबाईलमधी बी हाय. अन् छापलेलं उन्हात इटतं. मला आण्णांचं पायजे."

"आण्णांचं आता कुठून आनू?"

"त्यात साठवलेलं असंल की. बादलचीच शिंगं बदला."

"त्या डबड्याला हात कोन लावनार? मला तर चालू करता येत न्हाई. सोमवारी भंगारवाला यायचाय."

भंगारवाल्याचं मला माहीत नव्हतं. ते ऐकून मी पुढं कशी गेले ते मला सांगता येणार नाही. मी कप दोघांपुढं ठेवले, मशीनवरचं लुगडं काढलं, पंखा लावला आणि बटण दाबलं. दोघं माझ्याकडं बघत राहिले.

"आगं, काय करतीस?" हे म्हणाले.

"चहा घ्या," मी म्हणाले. "जागं व्हायला येळ लागतो त्याला."

दुसरं नवं मशीन असतं तर त्यांनी मला आणखी काही विचारलं नसतं, आणि मीही काही बोलले नसते. पण आपलं मशीन लवकर उठत नाही. दोघांना बसावं लागलं. चहा संपला तरी ते उठत होतं. मग मी बादल उघडला आणि रंग उघडला. आण्णा, तुम्हाला माहीत आहे ते चित्र कसं येतं. एकदम येत नाही. ज्या क्रमानं रेघा काढल्या, त्याच क्रमानं एकेक करून येतात. आधी शेपटीचा गोंडा आला. मग मागचे पाय. मग पोट. मशीन थांबलं, धापलं, पुन्हा लागलं. वशिंड आलं. मान, शिंगं, कान. आणि सगळ्यात शेवटी डोळा.

"ह्योच," दत्तूशेठ म्हणाला. "आण्णांचा हात."

हे पुढं वाकले होते. हळूच म्हणाले, "पुन्यांदा लाव बरं."

मी पुन्हा लावलं. पुन्हा शेपटीचा गोंडा, पाय, पोट.

"आण्णा डोळा आधी काढायचे," हे म्हणाले. "मी लहान आसल्यापास्नं बघितलंय. ब्रशनं काढायचे तवा बी. डोळा उघडला की बैल सोता सांगतो म्हनायचे, पुढं काय ते." मग माझ्याकडं न बघता विचारलं, "हे कुनी काढलंय?"

मी दाराकडं बघितलं. कुणी खाकरलं नाही.

अजूनही म्हणता आलं असतं, की शेवटी शेवटी आण्णांनी रीत बदलली. ह्यांनी मानलं असतं. घाटावर बोललेलं सगळं जसंच्या तसं राहिलं असतं, आणि मशीन सोमवारी गेलं असतं.

"मी काढलंय," मी म्हणाले. "आण्णांच्या हाताला कापरं व्हतं. दोन वर्सं सगळं मीच काढलं. मला डोळ्याचं भ्या वाटायचं, म्हनून तो मागं ठिवायचे."

दत्तूशेठनं एकदा बादलकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग दत्तूशेठ म्हणाला, "म्हंजे घाटावर मी तुमचं कवतिक केलं व्हय, वयनी? अन् तुमी तिथं बसून ऐकत व्हता?" तो हसला, पण ते हसणं मध्येच थांबलं. "मग आण्णा काय करत व्हते?"

ह्या प्रश्नाला मी भीत होते. पण उत्तर मला शोधावं लागलं नाही. "ते मागं उभं राह्यचे," मी म्हणाले. "कुठं थांबायचं ते सांगायचे. मला ते कळत न्हाई. मी काढतच ऱ्हाते. ते बास म्हनायचे, मग व्हायचं ते चित्र."

हे उठून बाहेर गेले. गाडीपाशी बराच वेळ उभे होते, मागच्या काचेवर तुम्ही पूर्वी लावलेल्या देवाच्या नावावर हात ठेवून. वाटलं, रागावले. आत आले ते म्हणाले, "कुठल्या रंगाचं रेडियम संपलंय ते सांग. उद्या बाजारात जायचंच हाय." बापाचा हात कापत होता आणि मुलाला कळलं नाही, हे त्यांना लागलं आहे. ते माझ्याशी त्यावर बोलणार नाहीत. तुमच्याशीच कधी तरी बोलतील.

दत्तूशेठनं गावात सांगितलं. सांगणारच होता. विहिरीवर बायांनी विचारलं, खरं का गं? मी हो म्हणाले. एक जण म्हणाली, "म्हंजे आण्णांना जमतच नव्हतं तर." आण्णा, तुमच्या टोपीला मीच हात घातल्यासारखं वाटलं. तुम्हीच सांग म्हणत होता, हे मला माहीत आहे. तरी वाटलं. त्या बाईला मी सांगितलं, त्यांनी शिकवलं म्हणून मला जमलं. ती पाणी भरून निघून गेली. सगळ्यांना सगळं समजावून सांगता येत नाही.

सोन्या काढला. शेपटीकडूनच काढला. दर रेघेला लाल टिकले दाबले. दुपारी एकदा मशीन अडकलं, तेव्हा हात मांडीवर ठेवून बसले. ते आपलं आपण परत आलं. कान झाला, शिंगं झाली. काल शेवटी डोळा घेतला. खोंड अजून नवा आहे, त्याच्या डोळ्यात जरा बुजरेपणा आहे, तो यावा म्हणून खालची रेघ सैल सोडली. मग बरी वाटेना म्हणून खुंटी वाढवली. मग एक काढली. मग पुन्हा घातली. हे दारातून बघून गेले. म्हणाले, "झालं की, मस्त झालाय." ते चांगल्या मनानंच म्हणाले. पण त्यांना कळतं का ते?

आज सकाळपासून तो डोळा समोर उघडा आहे. कटरमध्ये कागद लावून ठेवला आहे. एकदा पातं फिरलं की मग काही बदलता येणार नाही. मला वाटतं वरच्या पापणीला एक खुंटी अजून जास्तच आहे. काढली तर डोळा उघडेल. किंवा उलट, मिटल्यासारखा होईल. मी मागं वळून बघत नाही. नुसती विचारते.

आण्णा, काढू का?